बॉनेटवरचा मेंढा

आयुष्यभर दुसऱ्यांच्या निबंधांवर तांबड्या शाईने खुणा करणाऱ्या बाईने निवृत्तीनंतर स्वतः चार पाने लिहायला बसावे, हे माझे मलाच आगाऊपणाचे वाटते. मला कल्पनेतले काही रचता येत नाही, आणि घडलेले सांगतानाही माझा आवाज खाली जातो. वाचकांनी तेवढे सांभाळून घ्यावे. सांगायचे आहे ते एका जुन्या पिकअपविषयी आणि तिच्यात बसताना मला वाटणाऱ्या भीतीविषयी.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी निपाणीला आले. माहेर बेळगावला लागून असलेल्या वडगावचे, नोकरी बेळगावच्या शाळेत. त्यामुळे आठवडाभर मी आईकडे राही, शनिवारी बसने निपाणीला येई आणि सोमवारी सकाळी सासऱ्यांच्या गाडीतून परत जाई. सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्याबाई म्हणायची आमच्याकडची रीत. मामा तंबाखूची पोती घेऊन बेळगावला जात, आणि पोत्यांपुढे, केबिनमध्ये, डोक्यावरचा पदर सावरत मी बसे. त्यांच्यासमोर ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे मी काही बोलल्याचे मला आठवत नाही.

गाडी परदेशी बनावटीची आणि वयाने माझ्यापेक्षा थोरली होती. त्या काळी आमच्या स्टँडवर गाडीची कंपनी कुणी नावाने ओळखत नसे. नाकावरच्या चिन्हाने ओळखत. कुणाची चांदणीची गाडी, कुणाची पंखांची. आमच्या बॉनेटच्या टोकावर मुलामा उडून आतले पितळ दिसणारा, शिंगे वळवून टक्कर द्यायला निघालेला मेंढा होता. म्हणून ती मेंढागाडी. बाजाराच्या दिवशी धनगर हमखास चेष्टा करीत.

“काय आप्पा, मेंढा इकायचा हाय काय?”

“इकला असता की,” मामा म्हणत, “पर ह्यो पेट्रोल पितोय. तुझी बायकू दारात उभा करायची न्हाय.”

माझ्या पायांखालच्या पत्र्याला ताटलीएवढे भोक पडले होते. त्यातून रस्ता पळताना दिसे. माझ्या बाजूचे दार काथ्याने बांधलेले असे. निपाणी सोडल्यावर तवंदीचा घाट लागला की मी त्या भोकातून नजर काढून घेई आणि मेंढ्याच्या पाठीवर ठेवी. माझी भीती मामांच्या ध्यानात आली असावी, कारण एकदा ते आपण होऊन म्हणाले, “भिऊ नगस. लोखंड हाय ह्ये. आताच्या गाड्या म्हंजे निस्ता डबा. मी जाईन, ही ऱ्हाईल.” या बोलण्याने मला धीर यायला हवा होता. तो आला नाही.

दुसऱ्या वर्षीची खंडेनवमी. त्या दिवशी घरातली अवजारे घासूनपुसून देवापुढे मांडतात आणि दसऱ्याला पूजा उचलेपर्यंत त्यांना हात लावीत नाहीत. गाडी देवघरात आणता येत नाही, म्हणून मामा दरवर्षी मेंढ्याचे नट सोडवीत, आत्याबाई तो चिंचेने लख्ख करीत आणि विळ्या-कोयत्यांच्या शेजारी पाटावर ठेवीत. पूजा झाली, नैवेद्य झाला आणि दुपारी शेजारच्या वखारीत माझ्यासाठी फोन आला. माझी आई न्हाणीघरात पडली होती. तिला इस्पितळात नेले होते आणि ती शुद्धीवर नव्हती.

सणाची गर्दी इतकी की बसच्या पायरीवरही जागा मिळेना. मामांनी किल्ली घेतली. मग ते देवघराकडे वळले, तशा आत्याबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

“गाडी न्यायची तर न्या, अडलंय म्हून मी बोलत न्हाय. पर पूजेतला मेंढा उचलायचा न्हाय.”

“अगं, त्यो लागतोय मला.”

“मेंढा काय गाडी वडतोय व्हय? पोरीची आई तिकडं अशी पडलीया, आन तुमी अपशकुन करतासा?”

मामा काही बोलणार होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पायात चपला घातल्या. मेंढा त्यांना का हवा होता, हे मला तेव्हा कळले नाही. हौस असेल, असे वाटले.

घाट सुरू झाला तेव्हा परतीच्या पावसाचे बारीक पाणी पडत होते आणि धुके खाली उतरले होते. मी मनातल्या मनात आईचे नाव घेत होते. थोड्या वेळाने ध्यानात आले की माझ्या पायांखालच्या भोकातून काळा डांबरी रस्ता दिसत नाही. तांबडी माती दिसते आहे. मग गवत दिसले. मी मामांकडे पाहिले. ते स्टिअरिंगवर पुढे वाकले होते आणि डोळे बारीक करून बॉनेटच्या टोकाकडे, जिथे मेंढा नव्हता तिथे पाहत होते. गाडी सावकाश, अगदी सरळ रेषेत, डावीकडे जात होती. वरून एक ट्रक दिवे लावून उतरत होता आणि मामा त्याला आणखी जागा देऊ लागले.

सासऱ्यांना ‘गाडी नीट चालवा’ असे सुनेने सांगायचे कसे, या विचाराने त्याही क्षणी माझी जीभ धरून ठेवली होती, हे आज लिहिताना खरे वाटत नाही. भोकातले गवत संपून खडी आली आणि दाराला लागून घाटाच्या कडेचा एक पांढरा दगड सरकून गेला. त्याच्या पलीकडे काहीच नव्हते.

“मामा, उजवीकडं,” मी ओरडले. “उजवीकडं घ्या.”

त्यांनी घेतली. ट्रक अंगाला घासल्यासारखा गेला. वरच्या सपाटीवर त्यांनी गाडी थांबवली आणि हात मांडीवर ठेवले.

“डाव्या डोळ्यानं दिसत न्हाय,” ते म्हणाले. “लई दिस झालं. मेंढ्याचं डावं शिंग रस्त्याच्या कडंला धरायचं, मंग चाक कुठं हाय ते समजतंय. शिंग न्हाय तर मला कड गावत न्हाय.”

दर सोमवारी ज्या मेंढ्याकडे बघून मी भीती दाबत होते, त्याच्याच एका शिंगावर मामांची नजर टेकलेली होती.

“आता तू सांग,” ते म्हणाले. “आन घरात बोलू नगस.”

पुढचा सगळा रस्ता, वंटमुरी घाटाचा उतारसुद्धा, मी भोकात बघत सांगत गेले. माती आली, मामा. डांबर आलं. माती. इतकी वाक्ये मी त्यांच्याशी आधीच्या दोन वर्षांत बोलले नव्हते.

आई दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आली. आठवड्याने मामा मला न्यायला आले. त्या दिवशी मला सोडून परत जाताना, मेंढाही नसताना, ते दोन्ही घाट त्यांनी एकट्यानेच पार केले होते, हा विचार आठवडाभर माझ्या मनातून गेला नव्हता. आता बॉनेटवर मेंढा परत बसवला होता. त्याच्या कपाळावर आत्याबाईंनी लावलेले कुंकू होते. मागे, पोती नव्हती म्हणून, आईला भेटायला आलेल्या आमच्या निपाणीच्या गल्लीतल्या पाचसहा बायका लेकरांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि हसत होत्या. एकीने हाक मारली, “बाई, बसा की लवकर, अंधार हुतोय.”

मामांनी काथ्या सोडून माझ्या बाजूचे दार उघडले. नेहमीसारखे ‘बस’ म्हणाले नाहीत. दार धरून नुसते उभे राहिले आणि उजव्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहिले. मी बसले, आणि घर येईपर्यंत पायांखालच्या भोकातून नजर काढली नाही.

तुम्ही असता, तर बसला असता का?