परसोंच

मी नांदेडची. लग्न होऊन हैदराबादला आले आणि तारनाक्याहून रोज जनावरांच्या रोगनिदान प्रयोगशाळेत जायला लागले. इथली दखनी हिंदी आपल्याला सगळी कळते, असा मला भारी तोरा. "अहो, त्यांच्या बोलण्यातला 'च' आपलाच की," असं नवऱ्याला ऐकवायची.

एका सकाळी एक बाई बाटलीत दूध घेऊन आली. एकच म्हैस, तिच्यावरच घर. दूध केंद्राने तपासणीचा कागद मागितला होता. अर्ज भरता भरता मी विचारलं, म्हशीला औषधाची शेवटची सुई कधी दिली?

"परसोंच दिलाए, मॅडम."

मी परवाची तारीख टाकली. तेव्हा चाचणीचे किट कमीच यायचे. सुई ताजी असली की औषध दुधात उतरलेलं असणार, म्हणून दूध तपासायचंच नाही, सरळ 'विक्रीस अयोग्य' लिहायचं, असा आमचा शिरस्ता. मारला शिक्का.

आठवड्याने ती रडवेली होऊन परत आली. केंद्राने दूध बंद केलं होतं आणि गल्लीतले लोक तिला औषधाचं दूध विकणारी म्हणत होते. मी तिच्यावरच डाफरले, "तुमीच परसों बोले ना!"

शेजारच्या टेबलावरचा सहकारी इथलाच. तो हसायला लागला. आमच्याकडे मागच्या ईदला झालेलंही 'परसों'च असतं, म्हणाला. बाईने डॉक्टरची चिठ्ठी काढली. सुई दीड महिन्यापूर्वीची. फ्रीजरमधला तिचा नमुना तपासला, तर दूध स्वच्छ.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी आईसुद्धा फोनवर "परवाच तर झालं गं तुझं लग्न" म्हणते, तिला मी कधी तारीख विचारली? पण 'चूक माझी' हे शब्द काही तोंडातून निघेनात. नवा कागद तिच्या हातात दिला आणि नोंदवहीत शेरा मारला : 'पशुपालकाने चुकीची माहिती दिली.'

पुढे प्रयोगशाळा सुधारायची योजना आली. नवी यंत्रं आली, किट पुरेसे आले, प्रत्येक नमुना तपासायचाच असं ठरलं. जुन्या चुका शोधायला आलेल्या साहेबांनी माझा शेरा वाचला. 'कल-परसों लिहू नये, चिठ्ठी पाहूनच तारीख टाकावी' अशी ओळ अर्जात घाला, असं मी सुचवलं. साहेबांनी भर बैठकीत माझं कौतुक केलं आणि मी ते खुशाल घेतलं. कशी लाज वाटली नाही, देव जाणे.

गेल्या महिन्यात ती बाई पुन्हा दूध घेऊन आली. मी विचारायच्या आत तिने पिशवीतून कॅलेंडरचं फाडलेलं पान काढून टेबलावर ठेवलं. एका तारखेभोवती पेनाने गोल केला होता.

"माफ करना मॅडम, उस बार मेरी जबान से गल्ती होगई. अब परसों नै बोलती."

'चूक माझी' म्हणायला मला एवढे दिवस मिळाले होते, आताही ती संधी समोर होती. मी मान खाली घातली, "हौ, ठीक है," म्हणाले आणि पानावरची तारीख उतरवून घेतली.