कोतवालानं न मारलेला माणूस

निकाल लागला त्या दिवशी मी गाव सोडलं. माझ्या भावाला मारणारा सुटला. मी आणि बाबा कोर्टातून अकोल्याच्या एसटी स्टँडवर आलो. बाबा गावाकडच्या गाडीत बसले. मी रेल्वे स्टेशनवर जाऊन पुण्याचं तिकीट काढलं.

एसटी सुटण्याआधी बाबा खिडकीतून म्हणाले, "आता तुयं नाव तरी त्याईच्या तोंडी येऊ देऊ नको." माझा बाप मला निरोप देत होता की लपवत होता, हे मला पुण्यात पोहोचेपर्यंत उमगलं नाही.

आमचं गाव कामरगावच्या पुढचं. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्यात मोडायचो. बाबा गावचे कोतवाल. तहसीलचे कागद पोचवायचे, साहेब आला की त्याची सोय बघायची आणि डफडं वाजवून दवंडी द्यायची, हे त्यांचं काम. बौद्ध झालो तेव्हा घरातले देव गेले, पण डफडं खुंटीवरच राहिलं. त्याबद्दल माझा थोरला भाऊ सुखदेव त्यांच्याशी भांडायचा.

एका वर्षी कापूस फुटला आणि बापूराव या मोठ्या शेतमालकानं दवंडी द्यायला सांगितली: माझी वेचणी संपेपर्यंत कुणी दुसऱ्याच्या वावरात जायचं नाही. बाबा तापानं पडले होते. सुखदेवभाऊ म्हणाला, "मी देतो दवंडी." डफडं घेऊन तो चावडीपासून आमच्या वस्तीपर्यंत फिरला आणि ओरडत गेला, "ऐका हो ऐका. ज्याले जिथं वाटन तिथं त्यानं वेचाले जावं." बाया हसल्या. मीही हसलो.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो कामरगावच्या रस्त्यावर पडलेला सापडला. त्याला मारलं दुसरीकडे आणि आणून टाकलं रस्त्यावर, एवढं अंगावरच्या मातीवरून सगळ्यांनाच दिसत होतं. पण कुठं मारलं ते आम्हाला कळलं नाही. बापूरावनं कोर्टात सांगितलं की तो त्या दिवशी मूर्तिजापूरला होता. साक्षीदार उलटले. बाकी सुरुवातीला सांगितलंच आहे.

पुण्यात मला एका छापखान्यात प्रुफं तपासण्याचं काम मिळालं. मालक दिवाळी अंक छापायचे, पंचांगं छापायचे आणि मुलांसाठी चित्रकथा काढायचे. त्यांतले राजपुत्र आणि राक्षस मी निमूटपणे दुरुस्त करायचो. एकदा लेखक पळून गेला आणि मालक म्हणाले, तुम्ही बी.ए. आहात, लिहा काहीतरी.

मी "कोतवाल" लिहिला. गावानं हाकललेला एक कोतवाल, हातात काठी, गळ्यात डफडं. कोर्टातून सुटून आलेल्या माणसांच्या दारासमोर तो उभा राहायचा, त्यांच्या गुन्ह्याची दवंडी द्यायचा आणि मग त्यांना मारायचा. त्याला उडता येत नव्हतं. एसटी चुकली तर तो पायी जायचा. तो दारू प्यायचा, त्याच्या पायातली जखम तीन अंक चिघळत राहिली, आणि पाया पडणाऱ्यालाही तो सोडत नसे. मालकांनी विचारलं, "हा नायक आहे की गुंड?" मी म्हटलं, मला फरक माहीत नाही. अंक मात्र संपले. पुढचे जास्त छापावे लागले.

चित्रं सामंत काढायचे. ते मालवणचे. आमच्याकडचा उन्हाळा त्यांनी पाहिला नव्हता. "अहो, तुमच्याकडे झाडं तरी आहेत का? की माणसं माणसांच्याच सावलीत बसतात?" असं ते मला चिडवायचे. शेवटी मी भावाची गोष्ट लिहायला घेतली तेव्हा त्यांनी विचारलं, मारलं ती जागा कशी होती? मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, एक बाभूळ काढा.

त्या अंकात मी गावाचं नाव दिलं नाही. मारणाऱ्याला दाजीबा म्हटलं. पण धोतराच्या सोग्यानं सारखे हात पुसायची बापूरावची सवय होती, ती तशीच ठेवली.

कारंज्याच्या स्टँडवर अंक भाड्यानं मिळायचे. तिथून हा अंक आमच्या वस्तीत गेला. चौथी शिकलेली शेवंताकाकू दुपारच्या भाकरीच्या वेळी बायांना तो वाचून दाखवायची. आठवड्याच्या आत गावात बापूरावाचं नाव दाजीबा पडलं.

पुढचं मला बाबांनी सांगितलं. त्यासाठी ते पहिल्यांदाच पुण्याला आले. माझ्या खोलीत चटईवर बसून, चहा निवू देत, त्यांनी सावकाश सांगितलं. कामरगावच्या बाजारात ते हॉटेलात बसले होते. बापूराव आला आणि अंक त्यांच्यासमोर आपटून म्हणाला, "हे तुया पोरानं लिहेलं हाय. मले खुनी दाखवून राह्यला तो."

बाबा म्हणाले, "तुमचं नाव कुठं हाय मालक याच्यात?"

"नाव नसलं म्हून का झालं? अन् लिहिलं तेही खोटं. म्हने बाभळीखाली मारला. तिथं बाभूळ हायेच कुठं? निंब हाय तिथं."

हॉटेलवाला कप विसळत होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "तुमाले कसं ठावूक मालक? तुमी तर मूर्तिजापूरले होते ना त्या दिवशी?"

बाबा म्हणाले, बापूरावनं सोग्यानं हात पुसले आणि अंक तिथंच टाकून तो निघून गेला. लोकांनी तो उचलला आणि ते पान काढून पाहिलं. कोणता निंब, ते कुणाला विचारावं लागलं नाही.

मी वकिलाकडे गेलो. त्यांनी समजावून सांगितलं की एका गुन्ह्यात सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही. ठीक आहे, म्हणून मी छापखान्यात परतलो आणि सामंतांना म्हटलं, बाभूळ चुकली, निंब हवा. संभाजी पार्कातल्या निंबासमोर बसून त्यांनी पानन्‌पान काढलं. पुढच्या अंकात कोतवाल त्या निंबाखाली उभा राहून दवंडी देतो: मारलं ते इथं.

मालकांना दाजीबा मरायला हवा होता. वाचकांची पत्रं यायची, कधी मारणार? मी नाही म्हणालो. मेला तर तो दुसऱ्यांदा सुटला असता. म्हणून प्रत्येक अंकात कोतवाल इतरांचा निकाल लावायचा आणि शेवटच्या पानावर दाजीबाच्या दारात जाऊन, डफडं वाजवून, परत फिरायचा. दार आतून लावलेलं असायचं.

तिकडे गावात बाया बापूरावच्या वेचणीला जाईनाशा झाल्या. त्याच्या शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून दुसऱ्याच्या वावरात जाताना शेवंताकाकू हळूच म्हणायची, "ऐका हो ऐका," आणि बाकीच्या पुढं काहीच म्हणायच्या नाहीत. त्याचा कापूस बोंडांतून लोंबत राहिला आणि वाऱ्यानं गेला. एका वर्षी त्यानं माणसाकरवी बाबांना निरोप पाठवला, पोराले म्हना, मारून टाक एकदाचं.

तो निरोप सांगून बाबा म्हणाले, "तुले वाटन ते कर. पन मले इचारशीन तर, जिता राहू दे त्याले."

भाऊ गेल्यापासून बाबांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी ती दिली. छापखाना बंद पडेपर्यंत दाजीबा जिवंत राहिला. खरा बापूराव शेती बटईनं, अर्ध्या वाट्यावर देऊन अमरावतीला मुलाकडे राहायला गेला आणि तिथंच मेला. तोही माझ्यासारखाच गाव सोडून गेला. त्याचं मला बरं वाटलं, आणि अजून वाटतं.

तुम्ही गावातले जे तिथंच राहिलात, ते मला विचारता की परत का येत नाहीस. आता कोण आहे त्रास द्यायला? आणि जे माझ्यासारखे निघाले, ते गावाकडच्या ठेच्याच्या, बोरांच्या, मंगरूळपीरच्या उरुसाच्या गोष्टी काढतात. मला त्या आठवतात. पण त्यांच्यासाठी माझं मन ओढत नाही. भाऊ असता तर ओढलं असतं. माझी मुलं पुण्याची बोली बोलतात, बाबांचं बोलणं त्यांना मी समजावून सांगायचो. आता बाबाही नाहीत.

कुणी म्हणतं, इतकी वर्षं झाली, माफ कर. मी माफ केलेलं नाही.

आमचं घर पडलं, जागा ग्रामपंचायतीकडे गेली. माझ्या भावाला गावात कुठं मारलं आणि कुणी मारलं, ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. माझं गाव आता एवढंच आहे.