जमिनीवरून उठताना

“हात न टेकता उठा,” डॉक्टर म्हणाले. नगरच्या दवाखान्यातल्या स्टुलावरून मी दोनदा जोर केला, पण उठवेना. “काका, हे मसल वेस्टिंग. म्हणजे स्नायू झडलेत. वर चरबी आहे म्हणून दिसत नाही.”

मला हसूच आलं. एवढा ऐसपैस माणूस आणि अशक्त? एक्स-रेच्या रांगेत दुष्काळी कामावरची एक म्हातारी माझ्या पोटाकडे बघून शेजारणीला म्हणाली होती, “ह्यांना काय हुतंय?” त्या दुष्काळाच्या वर्षी जाड असण्याची लाज वाटायची.

दुखणं जुनंच होतं. कोपरगावला साखर कारखान्यात खुर्चीवर बसून कारकुनी केली. घरी पाटावर जेवायचो आणि उठताना बायको हात द्यायची. मला तो लाड वाटायचा. ती गेली, तेराव्यानंतर सगळे पांगले. पहिल्यांदा एकटा जेवलो तेव्हा उठताच येईना. उष्टा हात वाळून गेला. शेवटी सरपटत दारापर्यंत गेलो आणि चौकट धरून उभा राहिलो. त्या दिवशी मी तिच्यासाठी खरा रडलो.

मग वजन उतरवायला उपास धरले. सोमवार, गुरुवार, शनिवार, वर चतुर्थी. हे ऐकून डॉक्टर चिडलेच. “नुसत्या उपासानं चरबीबरोबर स्नायूही जातात. त्यात साबुदाणा! डाळ, दूध, मटकी खा. आणि रोज उठा-बसा.”

खाटेवरून सुरुवात केली. ते जमल्यावर स्टूल, मग चौरंग, मग पाट. मांड्या भरून यायच्या. शाबास म्हणणारं कुणी नव्हतं आणि पुरे म्हणणारंही नव्हतं. वजन फारसं उतरलं नाही, हेही सांगून ठेवतो.

लग्नाकार्यात मला भिंतीकडेला वेगळी खुर्ची मांडत. यंदा पुतण्याच्या लग्नात मी हट्टानं पंगतीत बसलो. पंगत उठली, तसा गुडघ्यावर हात टेकून मीही उठलो. शेजारचे माझ्याच अंगाचे एक गृहस्थ मात्र बसूनच. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, “पाव्हणं, जरा हात द्या की.”

मी त्यांना डावा हात धरून ओढलं. मांड्या थरथरल्या, पण मी पडलो नाही.

“घरी कोण उठवतं?” मी विचारलं.

“मंडळी हाय की!” ते हसले.

घरी येऊन कुलूप काढलं तेव्हा हे सगळं तिला सांगावंसं वाटलं. ती नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. हात देणारं माणूस घरात आहे तोवरच एकट्यानं उठायला शिका.