गिरक्या घेणारी पिल्लं

हौदावर मी हात नेला. सावली पडली की तिलापिया माशाची पिल्लं पळतात. ही जागची हलली नाहीत. चार-पाच तर स्वतःभोवती गिरक्या घेत भिंतीला धडकत होती.

गुडीहत्नूरच्या कमलाबाई भाजीच्या मळ्यातच बोटभर पिल्लं वाढवून विकतात. मी मत्स्य विभागात आहे. ऑक्सिजन मीटरचं रीडिंग ठीक होतं. मायक्रोस्कोपखाली कल्ल्यांवर परजीवी दिसले नाहीत.

"कपाशीच्या फवारणीचं पाणी आलं का इकडं?"

"नाई मॅडम. बोअरचं पानी हाय."

मग मात्र मला विषाणूचा संशय आला. ट्रेनिंगमध्ये सॅमन-ट्राऊटचे व्हिडिओ पाहिले होते. विषाणू मेंदूत शिरला की मासा असाच गोल फिरतो. ते थंड पाण्यातले मासे, इथं नाहीत. पण तिलापियाचा मेंदू आणि डोळे निकामी करणारा नोडाव्हायरस आहे. त्याला औषध नाही. पाण्यातून, जाळ्यातून, पिल्लांबरोबर तो पसरतो.

सॅम्पल घेतलं. साहेबांना फोन केला.

"रिपोर्ट आहे का?"

"PCR ला पाच दिवस लागतील, सर." विषाणूचा अंश शोधायची ही तपासणी.

"मग लेखी बंदी कशी घालू? समजावून सांगा त्यांना."

मी कमलाबाईंना म्हणाले, "एकही पिल्लू बाहेर देऊ नका."

त्या म्हणाल्या, "सकाळीच धाडल्या नं अकरा पिशव्या. नार्नूरले, माह्या दादाकडं."

दादा म्हणजे गंगाराम. त्याचा फोन लागेना. आम्ही जीपनं निघालो. पिशव्या आधी तळ्यात तशाच तरंगत ठेवतात. पंधरा-वीस मिनिटांत आतलं-बाहेरचं पाणी सारखं झालं की तोंड सोडतात. मी सारखी घड्याळ बघत होते. कमलाबाई एकच नंबर लावत होत्या. अर्ध्या वाटेत लागला.

"दादा, पिशव्या सोडू नको."

"काऊन? दोन सोडल्या. तिसरी खोलून राह्यलो."

"बांध ते. अन् तळ्याचं पानी नाल्यात जाऊ देऊ नको."

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. कमलाबाईंनी सगळी पिल्लं चुना टाकून पुरली, हौद वाळवला. गंगारामच्या तळ्यात सोडलेली पिल्लंही आठवड्यात तशाच गिरक्या घेऊ लागली. त्यानं सांडवा मातीनं बुजवला होता, म्हणून नाल्याखालचा गावतलाव वाचला. तो महिनाभर बहिणीशी बोलला नाही.

आता कुठंही गेले की मीटर काढायच्या आधी विचारते, इथून आज काय बाहेर गेलं? त्या दिवशी मला हे तासाभरानं सुचलं होतं.