लाइन क्लियर, काका

मेश्राम काका पळून झाले की दम खात नसत, पाणी पीत नसत, घामही पुसत नसत. आधी मागे वळत आणि आपणच उमटवलेल्या पावलांच्या कडेकडेनं, त्यांना धक्का लागू न देता, परत चालत येत. हिवाळ्यात वैनगंगेचं पाणी ओसरलं की काठाशी ओल्या रेतीचा एक पट्टा उघडा पडतो. रस्त्यावरचं पळणं आटोपलं की काका कापडी बूट काढून त्या पट्ट्यावर शेवटची चाळीस पावलं अनवाणी पळत. मग कमरेत वाकून एकेक पाऊल बघत. टाच, चवडा, अंगठा. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी हरवलंय.

"काका, काही पडलं का तुमचं?" मी विचारलं.

"नाही बाप्पा. पडलं तर नाही, तेच पाहून राह्यलो," ते म्हणाले आणि पुन्हा वाकले.

मी स्वभावानं भित्री. माहेरी, लांजीला, मला भित्रीभागूबाईच म्हणत आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. शाळेत शिकवायला जाताना गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या वाटेवरून घरी परतणारी मी बाई. फोन अवेळी वाजला की उचलण्याआधी मनातल्या मनात दोन-तीन नातेवाईक गेलेले असतात. चाळिशी उलटल्यावर छातीत धडधड सुरू झाली. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि सांगितलं, हृदय ठणठणीत आहे, रोज सकाळी पळत जा. ठणठणीत हृदय एवढं धडधडत असेल तर बिघडलेलं काय करत असेल, या विचारानं मी त्या दिवशी जेवले नाही. पण पळायला मात्र लागले, कारण न पळायचीही भीती वाटत होती.

काका रेल्वेतून निवृत्त झालेले. बालाघाटला छोटी लाइन होती तेव्हापासूनचे ते चाबीवाले. रुळांना जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाब्या गाडीच्या हादऱ्यानं ढिल्या होतात. खांद्यावर हातोडा टाकून रोज आपल्या वाट्याची लाइन पायी तपासायची आणि ढिली चाबी ठोकून बसवायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. "कालची लाइन काल गेली," ते म्हणत. "आजची आज पाहा लागते." नोकरी संपल्यावर तपासायला लाइन उरली नाही, तेव्हा ते स्वतःलाच तपासू लागले.

का, ते त्यांनी मला बऱ्याच महिन्यांनी सांगितलं. आम्ही घाटाच्या पायरीवर बसून बूट घालत होतो.

"माह्या मोठ्या भावाचा उजवा पाय घासत होता. दोन साल. घरात सगळ्याइनं पाह्यलं, कोनी बोललं नाही. म्या बी नाही. म्हटलं, थकला असन. मंग हात थरथराले लागला, मंग घास गिळनं बंद झालं. आमी सगळे लाल झेंडी काखेत दाबून उभे होतो ना, बाई."

तेच दुखणं आपल्यालाही धरणार, याची त्यांना खात्री होती. भाऊ ज्या वयात पाय ओढू लागला ते वय काकांनी ओलांडलं होतं, तरी भीती गेली नव्हती. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणत, "डाक्टरले सालातून एकडाव पाय दिसन. रेतीले रोज दिसते." चालताना पाय लबाडी करतो, पळताना त्याला ते जमत नाही, असा त्यांचा सिद्धान्त होता. "लोक तब्येतीसाठी पळते. मी भेवासाठी पळतो," हे वाक्य ते अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तसं सांगत.

पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशन करून घ्या म्हटलं तर म्हणत, "पिकू दे अजून." सकाळच्या धुरकट उजेडात रेतीवरचं त्यांना नीट दिसेना, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. ते पळायचे, पाण्याकडे तोंड करून उभे राहायचे, आणि मी वाकून चाळीसच्या चाळीस पावलं बघायची. मग ते विचारायचे, "बोल बाई. लाइन क्लियर?"

"क्लियर, काका."

हे म्हटलं की त्यांचे खांदे दोन बोटं खाली येत. तेवढं झाल्यावर मग पाणी, मग घाम पुसणं, मग "जयभीम, उद्या भेटू."

भीती त्यांनाही होती आणि मलाही. पण मी तिच्यापुढे पळत होते आणि ते तिच्या अंगावर जात होते. एकदा धुक्यातून चार-पाच कुत्री भुंकत आमच्यावर आली. मी मागे वळून पळणार तोच काकांनी मनगट धरलं. "मागं पळशीन तर ते तुह्या मागंच येतीन. त्याइच्याकडे चाल," म्हणाले आणि मला ओढत सरळ कुत्र्यांच्या दिशेनं निघाले. कुत्री भुंकत भुंकत बाजूला झाली. मी म्हटलं, काका, चावली असती तर? "चावली असती तं चावली असती. पन मागून नाही, समोरून."

हे ते लाइनवर शिकले होते. थंडीत रूळ आखडून तडकतो. एका पहाटे त्यांना असा तडकलेला रूळ सापडला आणि पॅसेंजर यायची वेळ झालेली. चाबीवाल्यानं अशा वेळी गाडीपासून दूर नाही, गाडीच्या दिशेनं पळायचं असतं, लाल झेंडी हलवत. "इंजन समोरून येऊन राह्यलं अन् मी त्याच्याकडे पळून राह्यलो. लघवी झाली होती पँटात, खोटं काहून सांगू? पन पाय थांबले नाही." गाडी थांबली. ड्रायव्हरनं खाली उतरून आपल्या थर्मासातला चहा त्यांना दिला. त्या चहाची गोष्ट मी किमान वीस वेळा ऐकली असेल, आणि पँट ओली झाल्याचं ते एकदाही वगळत नसत.

हळूहळू त्यांचं पळणं माझ्या घरात शिरलं. माझी बैहरकडे बदली होणार अशी कुजबुज शाळेत सुरू झाली आणि मी रात्रंदिवस जंगलातला रस्ता, मुलीची दहावी, सासूबाईंची औषधं यांची जपमाळ ओढू लागले. काकांनी विचारलं, "आर्डर आली का?" नाही म्हटलं. "मंग ते किलोमीटर आज काहून पळून राह्यली? आजचे तीन पळ." ऐकायला सोपं आहे, करायला नाही. तरी त्या वर्षी गॅस बघायला परत फिरणं माझं बंद झालं. छातीतली धडधडही कमी झाली. नवऱ्यानं गमतीनं विचारलं, घरातली भित्रीभागूबाई कुठं गेली? मला वाटलं, खरंच गेली.

ती कुठंही गेली नव्हती. संक्रांतीच्या आधीची सकाळ होती. काका पळून पाण्याकडे तोंड करून उभे राहिले आणि मी वाकले. डाव्या पायाचा अंगठा प्रत्येक पावलात स्वच्छ उमटला होता. उजव्याचा तिसाव्या पावलानंतर उमटलाच नव्हता, त्या जागी रेती पुढे ढकलल्याची बारीक रेघ होती. मी पुन्हा सुरुवातीपासून बघितलं.

"बोल बाई. लाइन क्लियर?"

"क्लियर, काका."

कसं निघालं तोंडातून, मला माहीत नाही. म्हणजे माहीत आहे. त्यांच्या भावाचा गिळता न येणारा घास मला दिसला आणि मी ती रेघ पायानं पुसली. वाटलं, एखाद्या दिवशी पाय मुडपतो माणसाचा, उद्या ठीक होईल. दुसऱ्या दिवशी ती रेघ पंचविसाव्या पावलापासून होती.

त्यानंतरची प्रत्येक सकाळ मला आठवते. अंथरुणातच, आज तरी अंगठा उमटू दे, म्हणून ज्या देवाची एरवी आठवण येत नाही त्यालाही हात जोडायची. घाटाकडे जाताना काकांच्या उजव्या बुटाचा आवाज ऐकू नये म्हणून मी सतत बोलत राहायची. ते म्हणत, "आज लय बोलून राह्यली, खुश दिसते." आणि रेतीवर पोचलं की तेच, वाकायचं, रेघ बघायची, पुसायची, क्लियर म्हणायचं. एकदा खोटं बोलल्यावर दुसऱ्या दिवशी खरं सांगणं अवघड, कारण मग काल काय होतं ते विचारतील. दहाव्या दिवशी ते त्याहून अवघड. मी दिवस मोजत होते.

मग बाजारात काकू भेटल्या. मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "हे आजकाल बटन लावाले इतका टाइम लावते ना बाई. अन् चप्पल पायातून निघून जाते, याइले मालूमच नाही पडत." मी हातातली जुडी तशीच परत ठेवली. दुसऱ्या दिवशी काका पळून उभे राहिले तेव्हा मी म्हटलं, "काका, आज उजवा पाय थोडा घासला आहे." आज. मी 'आज' म्हटलं.

ते पाण्याकडेच बघत राहिले. "केवढा?"

"अंगठा उमटला नाही."

ते खाली बसले आणि ती रेघ हातानं चाचपून बघू लागले, डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून. त्यांची बोटं कापत होती. ती भीतीनं की दुखण्यानं, हे मला कळेना आणि मी त्यांच्या शेजारी बसले. त्याच दुपारी मुलानं त्यांना नागपूरला नेलं.

ते भावाचं दुखणं नव्हतंच. दिवाळीत छपराच्या पाइपाला डोकं आपटलं होतं, त्यानं कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत गेलं होतं आणि मेंदूवर दाब येत होता. ऑपरेशन झालं. रविवारी मी भेटायला गेले तेव्हा डोक्याला पट्टी बांधलेले काका हसत होते, इतके की मला त्यांच्याकडे बघवेना. तेवढ्यात डॉक्टर आले. म्हणाले, "धोका टळला. पण हे आजकालचं नाही. महिनाभर तरी पाय ओढत असणार तुमचा. तेव्हाच आला असतात तर पाय पूर्ण सुधारला असता. आता काठी लागेल."

"नाही साहेब," काका म्हणाले. "तुमचं चुकून राह्यलं. आमची ही बाई रोज पाहे. मास्तरीन आहे, शिकलेली. आदल्या रोजपर्यंत लाइन क्लियर होती. जवा दिसलं तवाच सांगितलं हिनं."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिले. आता हे विचारतील, या भीतीनं मी तिच्यातले थेंब मोजू लागले. त्यांनी विचारलं नाही, ते पुढच्या खाटेकडे गेले.

काका घरी आले आणि माझं कौतुक सुरू झालं. भेटायला येईल त्याला ते सांगत, "हिनं झेंडी दाखवली मनून गाडी थांबली." काकूंनी मला लुगडं नेसवलं. मी ते कपाटात सगळ्यात खाली ठेवलं आणि त्यांच्या घरी जाणं बंद केलं. पळणंही सुटलं. छातीतली धडधड परत आली, आणि या खेपेला तिचं कारण मला ठाऊक होतं.

काका त्यानंतर दीड वर्ष होते. गेले ते साध्या तापानं, आठ दिवसांत. शेवटच्या दिवशी काकूंनी मला त्यांच्या उशाशी बसवलं आणि मी बसू शकले, ते एका दुपारमुळे.

त्याच वर्षीचं चैत्राचं ऊन होतं आणि मी पुन्हा त्यांच्या दारी गेले होते. काका दारासमोर खुर्चीत बसले होते, काठी मांडीवर. मी समोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. संक्रांतीच्या आधीची सकाळ, रेघ, पायानं पुसणं, सगळं.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"पस्तीस."

त्यांनी काठी उचलून भिंतीला टेकवली. उजवा पाय दोन्ही हातांनी धरून थोडा पुढे घेतला आणि त्याच्याकडे बघत म्हणाले, "माहा पाय होता तो, बाई."

मी मान वर केली नाही. उठून जा म्हणतील, ओरडतील, काकूंना हाक मारतील, काहीही. आतून काकूंच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"काहून नाही सांगितलं?"

"भेव वाटलं काका. तुमच्या भावासारखं असन तर. म्या बोलली की ते खरं होईन, असं वाटे."

"रोज वाटे?"

"रोज."

"पस्तीस दिवस?"

मी मान हलवली.

त्यांनी हात पुढे करून माझ्या डोक्यावर ठेवला. हात जड होता. "पोरी, इतके दिवस एकलीच भेत राह्यली? मले सांगितलं असतं तं दोघं मिळून भेलो असतो."