रिकाम्या खुर्चीने दिलेली उत्तरं

आधीच सांगते, मी या गूढ अनुभवांच्या सदराची नियमित वाचक आहे, पण टिंगल करणारी. पिंपळाखाली दिसलेली बाई, मागून हाक मारणारा आवाज... असलं काही वाचलं की मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि आम्ही दोघं हसायचो. माझं कामच आकड्यांचं. जे विचारलं ते लिहायचं, जे दिसलं नाही ते लिहायचं नाही. त्यामुळे हे लिहिताना मलाच ओशाळं वाटतंय. पण एका बाईचा आणि तिच्या पोटातल्या बाळाचा जीव यात गुंतलेला होता, म्हणून लिहिते. नावं बदलली आहेत.

मी रत्नागिरीचीच, माहेर मिरजोळ्याचं. दोन वर्षांपूर्वी एका सर्व्हेवर मला काम मिळालं. बाहेरून इथे कामाला आलेल्या लोकांची तब्येत कशी आहे, त्यांना इथे करमतं का, आजारी पडले तर ते कुठे जातात, असा अभ्यास होता. आपल्याकडे आंब्याच्या बागांत नेपाळी जोडपी राखणीला असतात, बोटींवर खलाशी असतात, एमआयडीसीत कुठकुठले मजूर असतात... त्यांच्या दारात जाऊन फॉर्म भरायचा आणि बीपी मोजायचं. टॅब मिळणार होते, ते शेवटपर्यंत आले नाहीत. सगळं कागदावरच.

कामाआधी एका हॉलमध्ये तीन दिवसांचं ट्रेनिंग झालं. शेवटच्या दिवशी सराव. जोड्या करायच्या, एकीने विचारायचं, दुसरीने खोटी खोटी उत्तरं द्यायची. आम्ही होतो अकरा जणी. उरले मी! आमच्या सुपरवायझर राणे मॅडम म्हणाल्या, "त्या खुर्चीला विचार गो. खुर्ची काय नाय म्हणत नाय."

मग मी खरंच समोर एक रिकामी प्लास्टिकची खुर्ची ठेवली आणि मोठ्याने प्रश्न वाचायला लागले. उत्तरं मनाने लिहीत गेले. नाव सरस्वती. वय तेवीस. नेपाळहून आलेली, सातवा महिना. मुक्काम – मिरजोळ्याच्या पुढे तांबड्या फाटकाची बाग. ही बाग मला लहानपणापासून एसटीच्या खिडकीतून माहीत. भाऊबंदकीत अडकलेली, फाटकाला कायम कुलूप. बीपी नॉर्मल लिहिलं असतं तर हॉस्पिटलात पाठवायची लाल चिठ्ठी भरायचा सराव झाला नसता, म्हणून मुद्दाम वाढवून लिहिलं: पहिलं रीडिंग १६८ वर ११२, पाच मिनिटांनी दुसरं १७० वर ११०. पायांना सूज, डोकेदुखी. "आजारी पडल्यावर इथे कोणाला सांगता?" या प्रश्नाला उत्तर – कोणालाच नाही. आणि फॉर्मच्या शेवटी छापलेलं वाक्य, जे आम्हाला प्रत्येक घरी म्हणावं लागतं, तेही खुर्चीकडे बघून म्हटलं, "गरज पडली तर मी पुन्हा येईन."

बाकीच्या जणी फिदीफिदी हसत होत्या. तेवढ्यात जेवण आलं. लाल चिठ्ठी भरायची राहिलीच.

सरावाचे फॉर्म त्याच दिवशी लाल रेघ मारून मॅडमकडे द्यायचे होते. माझा पॅडला अडकून कोऱ्या फॉर्मांच्या खाली राहिला. पुढे खऱ्या फॉर्मांच्या गठ्ठ्यातून तो ऑफिसात गेला, आणि मला पत्ताच नाही.

तीन आठवड्यांनी राणे मॅडमनी मला बोलावलं. हातात तोच फॉर्म.

"काय गो, सातवा महिना, बीपी हे एवढं, आणि लाल चिठ्ठी कुठाय? तू काय हिला बघून चहा पिऊन आलीस? जिवंत हाय का तरी ती?"

माझी पाचावर धारण बसली. सरावाचा आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण आदल्याच आठवड्यात दोघींना घरी बसून बोगस फॉर्म भरल्याबद्दल काढून टाकलं होतं. आता कोण माझ्यावर विश्वास ठेवणार? मी मान खाली घालून म्हटलं, "राहिली मॅडम. चुकलंच."

"चल, स्कूटर काढ. आत्ताच्या आत्ता जाऊया."

सकाळचे अकरा वाजले होते. लख्ख ऊन, बागांना मोहोर आलेला. मी स्कूटर चालवत होते, मॅडम मागे. माझा बेत ठरला होता. फाटकाला कुलूप असेलच, मग म्हणायचं, "गेली वाटतं मॅडम, ही माणसं कुठे टिकतात एका जागी." सोप्पं! बाहेरून आलेल्या माणसाबद्दल ‘गेला’ म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

फाटक उघडं होतं.

मी स्कूटर थांबवली, पण उतरायचं सुचेना. मॅडम केव्हाच उतरून आत गेल्या होत्या. दगडी गडग्याच्या कडेने पंपाची खोली, समोर दोरीवर कपडे. एक नेपाळी तरुण मोहोरावर फवारणी करत होता, तो आम्हाला बघून पंप ठेवून आला. मॅडमनी विचारलं, "सरस्वती किधर है?"

तो गोंधळला. "सरस्वती नहीं, पवित्रा. मेरी घरवाली. अंदर सोई है, सिर दुखता है उसका."

म्हणजे नाव जुळलं नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण मला तिखटमीठ लावायचं नाहीये. मॅडमनी वळून माझ्याकडे असं बघितलं... नाव पण धड लिहिता येत नाही!

खोलीत अंधारं होतं. ती भिंतीला टेकून बसली होती. पोट दिसत होतं. पाय इतके सुजलेले की पैंजण रुतले होते. चेहराही फुगलेला. मी दारात उभी राहिले, आणि तिने मान वर करून, अगदी ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"दिदी, आ गई आप? आप बोली थी ना, फिर आऊँगी."

 या बाईला मी जन्मात पाहिली नव्हती!

मॅडमनी तिच्या दंडाला पट्टा बांधला. मशीन गुरगुरलं, थांबलं. १६८ वर ११२. मॅडमनी दुसऱ्या हातातल्या फॉर्मकडे बघितलं. नियमाप्रमाणे आम्ही पाच मिनिटं थांबलो. दुसऱ्या वेळी मी मशीनकडे बघितलंच नाही, मॅडमच्या चेहऱ्याकडे बघितलं. आणि मला कळलं, हेही जुळलंय.

"मेलं मशीन अडकलंय काय?" असं पुटपुटत त्यांनी पट्टा स्वतःच्या दंडाला लावला. १३० वर ८४. मशीन चांगलं होतं. "आँख के आगे अंधेरा आता है?" त्यांनी पवित्राला विचारलं. ती हो म्हणाली, कालपासून. नवऱ्याला तिने सांगितलं नव्हतं, नवी जागा, त्याचं काम जाईल म्हणून. आणखी कोणाला सांगणार? बागेत दुसरं माणूस नाही, तिला मराठी येत नाही, जवळचा दवाखाना कुठे आहे तेही ठाऊक नाही.

मॅडमनी लगेच ॲम्ब्युलन्सला फोन लावला. ती येईपर्यंत मी पवित्राचा हात धरून बसले.  देवाचं नाव न घेणारी मी, त्या वीस मिनिटांत कोणाकोणाला नवस बोलले ते सांगत नाही. गाडी आली, चिठ्ठी भरली, आम्ही हॉस्पिटलात पोचलो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, इंजेक्शन सुरू केलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "आज संध्याकाळपर्यंत थांबला असतात ना, तर झटके आले असते. दोघंही हातची गेली असती."

राणे मॅडम बाकावर माझ्या शेजारी येऊन बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "तिचा नवरा सांगत होता, ही लोकं इकडं येऊन आठच दिवस झाले. बाग आत्ताच कोणी कराराने घेतली. तुझा फॉर्म तीन आठवड्यांपूर्वीचा. खरं सांग गो."

मी रडत रडत सगळं सांगितलं. खुर्ची, जेवण, पॅड, कुलपाचा बेत, सगळं. म्हटलं, काढून टाका मला. त्यांनी फॉर्म मांडीवर सपाट केला. मग पर्समधून लाल पेन काढून त्यांनी त्यावर आडवी रेघ मारली, घडी घातली आणि फॉर्म माझ्या हातात दिला. "सरावाचा फॉर्म हाय, तुझ्याकडेच ठेव. आणि नवा घे, पवित्राला बरं वाटलं की नीट भर. या वेळी चिठ्ठी विसरलीस तर बघ."

पवित्राला औषधांवर पाच आठवडे ठेवलं आणि मग सिझेरियन झालं. मुलगी! एवढीशी, पण आवाज असा की सगळा वॉर्ड जागा. तो आवाज ऐकला तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. आता ती पावणेदोन वर्षांची आहे, मोहोर तोडून तोंडात घालते आणि बापाची बोलणी खाते.

नंतर मी पवित्राला विचारलं, तू मला आधी कुठे पाहिलं होतंस? ती हसली. तिला त्या सकाळचं काही म्हणजे काही आठवत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, बीपी तेवढं चढलं की माणूस काहीही बोलतं. नवरा म्हणतो योगायोग. आंब्याच्या बागेत नेपाळी जोडपं असणार, गरोदर बाईचे पाय सुजणार, त्यात काय? बरोबर आहे. पण ते चार आकडे? मी खूप डोकं खाजवलं, उत्तर मिळालेलं नाही. लाल रेघ मारलेला तो फॉर्म कपाटात आहे, साड्यांच्या खाली.

नवा फॉर्म मी तिच्या खाटेशी बसून भरला होता. "आजारी पडल्यावर इथे कोणाला सांगता?" हा प्रश्न आला तेव्हा मी पेन खाली ठेवलं. ती म्हणाली, "लिखो ना दिदी. आपको." मी लिहिलं.

आता नव्या मुलींना सराव मीच देते. एखादी उरली तर तिच्यासमोर रिकामी खुर्ची ठेवू देत नाही, मीच जाऊन बसते. आणि बीपी नॉर्मलच सांगते. लाल चिठ्ठीचा सराव मग बाकी राहतो, आणि तो राणे मॅडम नंतर फळ्यावर करून घेतात.