एका कुशीतली दोन पिल्लं

माझा मामा जयसिंगपूरला असतो. त्याच्याकडे आजोबांच्या काळापासून कारवानी जातीची शिकारी कुत्री आहेत; त्यांची पिल्लं तो विकायचा. उंच, निमुळत्या तोंडाची, पोट पाठीला लागलेली. त्याच्या कुत्रीला पिल्लं झाली तेव्हा त्याने एक मला दिलं आणि एक माझ्या थोरल्या भावाला. दोन महिन्यांची ती पिल्लं इतकी सारखी होती, की ओळखू यावं म्हणून आईने माझ्या पिल्लाच्या गळ्यात काळा दोरा बांधला.

पाचव्या महिन्यात दोघांत फरक पडायला लागला. भावाचं पिल्लू सडसडीत, उंच झालं. माझ्याचं डोकं जड, पुढचे पाय जाड, मागचा भाग खांद्यापेक्षा वर, आणि एक कान उगाच उभा राहायचा. कोल्हापुरात आमच्या गल्लीत कुत्र्यांची पारख सगळ्यांनाच. येणारा-जाणारा भावाच्या कुत्र्यापाशी थांबायचा आणि माझ्या पिल्लाकडे बघून हसायचा.

"ह्यात गावठी हाय की," भाऊ म्हणाला.

मी मामाला फोन केला. जरा चढ्या आवाजातच विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "एका कुशीतली सगळी सारखी वाढत न्हाईत. काही आधी हाडानं वाढत्यात, मागनं अंग धरत्यात. ह्येचा आजा असाच हुता. दीड वरीस थांब."

मी दोन दिवसही थांबलो नाही. कुत्री पाळणाऱ्यांच्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, जिथे मामाची पिल्लं घेणारेही होते, दोन्ही पिल्लांचे फोटो शेजारी-शेजारी टाकले आणि खाली लिहिलं, 'सख्ख्या मामानेही फसवलं.' लोकांनी हसण्याचे चेहरे टाकले. मला बरं वाटलं, हे आता लिहिताना लाज वाटते.

ते पिल्लू मी वारणानगरच्या एका ओळखीच्या शिक्षकांना देऊन टाकलं. गाडीत बसवलं तेव्हा त्याने माझा हात चाटला. मी हात पँटला पुसला.

वर्षभराने कामानिमित्त त्यांच्याकडे गेलो. अंगणात एक कुत्रा उभा होता. छाती खोल, कंबर मुठीत मावेल अशी, मान लांब. उभा राहणारा कान खाली पडला होता. भावाचा कुत्रा याच्यापुढे किरकोळ दिसला असता. त्याने मला लांबूनच हुंगलं आणि तो शिक्षकांच्या पायाशी जाऊन बसला.

"ह्येच्या आईची अजून पिल्लं मिळतील का हो?" शिक्षकांनी विचारलं.

मी तिथूनच मामाला फोन लावला. खूप वेळाने त्याने उचलला. मी पिल्लांचं विचारलं.

"तुझं वाचल्यावर फुडची पिल्लं कुणी न्हेली न्हाईत," तो म्हणाला. "हुती ती शेतावरच्या लोकांस्नी फुकट वाटून टाकली. कुत्रीचं ऑपरेशन करून टाकलं. आता त्यो धंदा न्हाय."

"मामा, मी चुकलो."

"व्हय," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

ग्रुपवर मी माफी मागितली. दोघांनी हात जोडल्याची चित्रं टाकली, तिसऱ्याने शुभ सकाळ. भाऊ म्हणाला, "कुत्र्याचंच तर हाय, सोड की." पहिल्यांदा 'गावठी' कोण म्हणालं होतं, ते त्याला आठवतही नव्हतं.

आता भाऊबीजेला आई एकटीच एसटीने जयसिंगपूरला जाते. तू चल असं ती म्हणत नाही. मीही विचारत नाही.